तीन वजा

सिस्टरनं वरची पट्टी सरकवत खाली आणली, केसांवर टेकवली, मान तिरकी करून आकडा वाचला आणि फॉर्मकडे वळत म्हणाली, "एकशे एकावन्न." वैजयंती उतरली नाही. टाचा मागच्या खांबाला लावून तशीच उभी राहिली. विम्याचा फॉर्म भरायचा म्हणून शाळेतून अर्ध्या दिवसाची रजा टाकून ती मंचरच्या या दवाखान्यात आली होती. रक्त दिलं, वजन झालं, आता उंची, मग डॉक्टरांची सही, की मोकळी. "सिस्टर, एकशे अठ्ठावन्न असेल," ती म्हणाली. "कशावरून?" सिस्टरनं विचारलं. "मी नेहमी अठ्ठावन्नच लिहिते." "लिहीत असाल. चपला काढल्यात ना? मग हेच खरं." वैजयंतीनं परत मोजायला लावलं. सिस्टरनं या खेपेला पट्टी जरा दाबूनच टेकवली. एकशे एकावन्न. बाकावर बसलेल्या एका म्हातारीनं तोंडाला पदर लावला. फॉर्मवर वैजयंतीनं स्वतःच्या अक्षरात आधीच भरून ठेवलेला १५८ सिस्टरनं एका रेघेत खोडला आणि वर नवा आकडा घातला. त्या रेघेशेजारी वैजयंतीला सही करावी लागली.

बाहेर रस्त्यावर रोजच्यासारखीच गर्दी होती, पण तिला कुठं बघावं तेच कळेना. समोरून येणाऱ्या बायका तिच्यापेक्षा उंच होत्या. सगळ्या नव्हेत, पण बऱ्याच. कालपर्यंत या कुठं होत्या? कॉलेजच्या पोरी घोळक्यानं गेल्या आणि त्यांच्या खांद्यांपलीकडचं तिला काही दिसलं नाही. नव्या पिढीच्या पोरी उंचच असतात, असं ती इतके दिवस स्वतःलाच सांगत आली होती. बँकेच्या काउंटरवर टाचा उचलाव्या लागतात तेव्हा काउंटर उंच बांधलाय असं ती म्हणायची. घरातला माळा तर गवंड्यानं चुकूनच वर घेतलाय, याबद्दल तिच्या मनात कधी शंका आली नव्हती. छत्तीस वर्षांची बाई, शाळेच्या ऑफिसात बारा वर्षं कारकुनी केलेली, इतरांच्या जन्मतारखांमधल्या चुका काढणारी, आणि स्वतः किती उंच आहे हे तिला ठाऊक नव्हतं. हसावं की रडावं हे न कळून ती एका भांड्यांच्या दुकानासमोर उभी राहिली. स्टीलच्या पिंपात तिचं रुंद, बुटकं प्रतिबिंब पडलं होतं. ते पिंपाच्या गोलाईमुळे तसं दिसतंय, हे तिला पटेना.

दुपारी जेवायला तिचा नवरा भरत घरी आला. त्याचं बसस्टँडमागे जळालेल्या पंपांच्या मोटारी नव्या तारेनं भरून द्यायचं दुकान होतं आणि हाताला कायम वार्निशचा वास. तिनं त्याला विचारलं, "अहो, मी किती उंच असेन?" तो आमटी भुरकत म्हणाला, "असशील पाच फूट. थोडी कमीच." "तुम्हाला माहीत होतं?" "म्हंजे? रोज बघतो की तुला." "मग लग्नाच्या बायोडाटात पाच-दोन लिहिलेलं तेव्हा बोलला नाहीत?" भरतनं जरा विचार केला. "बायोडाटात मी कायम नोकरीत हाय असं लिवलं व्हतं. व्हतो का? मला वाटलं, दोघांनी बी थोडंथोडं वाढवून लिवलंय. त्यात काय एवढं." त्यानं भात मागितला. पण वैजयंतीनं वाढवून लिहिलं नव्हतं, तिला खरंच तसं वाटत होतं, आणि ही गोष्ट त्याला समजावून सांगायला गेलं तर ती खोटेपणाहूनही वेड्यासारखी वाटणार होती. खोटं लिहिणारा शहाणा तरी असतो. ती लोणच्याची बरणी शोधत राहिली. बरणी समोरच होती.

उंच होती ती. हे कुणी नाकारू शकत नव्हतं. माहेरी, अवसरीच्या शाळेत सहावीला असताना रामदास सरांनी कबड्डीचा संघ निवडायला मुलींना उंचीप्रमाणे उभं केलं तेव्हा ती रांगेच्या पार शेवटी होती. पाचवीच्या सुट्टीत अशी काही वाढली होती की आईनं नजर काढली होती, आणि पोरांनी तिचं नाव खांब ठेवलं होतं. रामदास सर रांगेच्या कडेनं चालत आले, एकेकीचा चेहरा बघत, आणि शेवटाला येऊन थांबले. "तू कॅप्टन," ते म्हणाले. कबड्डीतला क सुद्धा तिला येत नव्हता. "सर, मला खेळता नाही येत." "येईल की. उंच पोरगी पुढं उभी असली का बाकीच्या आपसूक ऐकत्यात." एवढंच. त्या दिवशी तिला त्यांनी रांगेतून काढून पुढं उभं केलं, आणि तिथून सगळं चुकलं की बरोबर झालं, हे तिला आता ठरवता येईना. कारण पुढं उभी राहणारी मुलगी परत कधी उंचीच्या रांगेत उभी राहत नाही. प्रार्थनेला ती समोर, कवायतीला समोर, पंधरा ऑगस्टला झेंड्याजवळ. फोटोत कॅप्टन मधल्या खुर्चीत बसते, मांडीवर ढाल घेऊन. बाकीच्या मागं उभ्या. घरच्या भिंतीवर शाळेचे आणि पुढं यात्रेचे मिळून असे अकरा फोटो होते आणि अकराही फोटोंत ती बसलेली होती. तिच्यामागं पोरी दर वर्षी वर वर गेल्या होत्या, आठवीत रत्ना तिच्या पुढं गेली असणार, नववीत बाकीच्या, आणि हे सगळं तिच्या पाठीमागं झालं होतं. बाराव्या वर्षी तिची वाढ थांबली. नाव थांबलं नाही. अजूनही गावात कुणी म्हातारा "काय गं खांबे" म्हणाला की ती हसून उत्तर द्यायची. त्यातल्या किती जणांनी गेली वीस वर्षं ते चेष्टेनं म्हटलं असेल? हा विचार आला आणि तिचे कान तापले.

संध्याकाळी सराव होता. अवसरीच्या यात्रेत दर वर्षी माहेरवाशिणी आणि सुना यांची कबड्डी होते. गावातून दिलेल्या लेकी एका बाजूला, गावात आलेल्या सुना दुसऱ्या बाजूला. हरतील त्यांनी पदर खोचून जिंकणाऱ्यांना पंगतीत वाढायचं. ऐकायला गंमत वाटते, पण सुनेनं वर्षभर वाढायचंच असतं, म्हणून सुना जिवावर उदार होऊन खेळतात, आणि लेकींना वाटतं की वर्षातून एक दिवस बापाच्या गावात बसून खायला मिळावं, तर त्याही काही कमी करत नाहीत. लेकींची कॅप्टन चौदा वर्षं वैजयंतीच होती. गेली दोन वर्षं मात्र लेकींनीच वाढलं होतं. तिसऱ्यांदा वाढायची पाळी आली तर कॅप्टन बदलेल, असं कुणी तोंडानं बोललं नव्हतं, पण असं न बोललेलंच गावात आधी कळतं. ती स्कूटीवरून मैदानावर पोचली तेव्हा बाकीच्या आल्या होत्या. डाव्या कोपऱ्याला रत्ना, तिच्याच वर्गातली, नारायणगावला दिलेली. आणि यंदा नव्यानं अमृता, चोवीस वर्षांची, गेल्याच वर्षी खोडदला लग्न होऊन गेलेली. अमृता चांगली पाच-सहा, पाच-सात उंच. खांदे पाडून उभी राहते म्हणून तेवढी दिसत नाही एवढंच.

लेकींच्या संघाची एक रीत होती आणि ती वैजयंतीनंच पाडली होती. बचावाला सगळ्या हात धरून अर्धगोल उभ्या राहतात. कॅप्टननं ओरडून सांगितलं तर चढाईवालीला ऐकू जातं, म्हणून हुकूम हातातून जायचा. उजव्या कोपऱ्यावरून वैजयंती शेजारणीचा हात एकदा दाबणार: थांब. दोनदा दाबणार: धर. शेजारीण पुढचीला, ती तिच्या पुढचीला, डोळ्याचं पातं लवायच्या आत दाब डाव्या कोपऱ्यावर रत्नाला पोचायचा. कधी दाबायचं हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. चढाईवालीच्या पायाचा पंजा वळतो त्याच्या किंचित आधी ते हाताला कळतं, डोक्याला नव्हे. त्या संध्याकाळी शेजारी अमृता आली. वैजयंतीनं हात धरला आणि तिच्या लक्षात आलं की आपला हात खांद्यापासून थोडा वर उचलला गेलाय. लहान मूल मोठ्या माणसाचा हात धरतं तसा. हे रोजच असं होतं का? मागच्या वर्षी शेजारी होती तिच्याशीसुद्धा? चढाई आली. तिला पंजा दिसला, पण हात म्हणाला, तू कोण सांगणारी? तू कॅप्टन झालीस ती उंच होतीस म्हणून, आणि उंच तर ही आहे. तेवढ्यात चढाईवाली अमृताला शिवून परत गेली. दुसऱ्या वेळेला तेच. तिसऱ्या वेळेला तिनं दाबलं, पण इतकं उशिरा की साखळी रिकामीच आवळली आणि सगळ्या एकमेकींवर आपटल्या.

"काय व्हतंय तुला?" रत्नानं मातीत बसल्याबसल्या विचारलं. वैजयंतीच्या तोंडून निघून गेलं, "यंदा अमृता कॅप्टन." "आगं, काल लग्न झालंय तिचं, तिला काय कळतंय," रत्ना म्हणाली. "उंच आहे ती," वैजयंती म्हणाली, आणि आपण काय बोललो हे ऐकून तिलाच कसंतरी झालं. हे तर रामदास सरांचंच वाक्य. रत्ना बघत राहिली. "उंच हाय म्हंजे? झाडाव चढायचंय का? तू काय उंच हाईस व्हय?" ती अगदी सहज म्हणाली, हवापाण्याचं बोलावं तशी. म्हणजे रत्नालाही ठाऊक होतं. सगळ्यांनाच ठाऊक होतं आणि तरीही चौदा वर्षं तिच्या हाताच्या दाबावर सहा जणी पुढं झेपावत होत्या. मग कशावर झेपावत होत्या? उंचीवर नाही, तर कशावर? सवयीवर? पहिल्याच दिवशी दुसऱ्या कुणाला रांगेतून काढलं असतं तर तिचाही हात असाच शहाणा झाला असता का? वर्षानुवर्षं कोपऱ्यावर तीच होती, म्हणून पंजा वाचायला तीच शिकली. पहिला घास चुकून मिळाला आणि त्यावर सगळं जेवण झालं. बाराव्या वर्षी त्या रांगेत रत्नानंही आपल्याला निवडतील म्हणून वाट बघितली असेल का? ती विचारू शकत होती, रत्ना समोरच होती, धापा टाकत. तिनं विचारलं नाही.

अमृता मात्र घरी जाताना तिच्या स्कूटीपाशी आली. "वैजूताई, मला नका करू कॅप्टन. मला सांगाय येत न्हाई कुणाला." "का? एवढी उंच आहेस." अमृता खाली बघून हसली. "आत्ता हाय वो. शाळंत मी सगळ्यांत बुटकी. मला कुणी संघातच घेतलं न्हाई. दहावीनंतर वाढले, तवर खेळ संपला व्हता. अजून बी कुणी हाक मारली तर मला वाटतं मागच्या उंच पोरीला मारली." वैजयंती तिच्याकडे वर बघत राहिली. एक बाई उंच होऊन बुटकी राहिली होती आणि दुसरी बुटकी होऊन उंच. दोघी अंधार पडेपर्यंत त्या स्कूटीपाशी उभ्या होत्या आणि दोघींना एकमेकींचं काहीतरी परत द्यायचं असल्यासारखं झालं होतं, पण काय ते कुणालाच सांगता येईना. "बघू," वैजयंती म्हणाली. "नाव तुझंच दिलंय."

शनिवारी ती जर्सी आणायला तात्यांच्या दुकानात गेली. तात्या म्हणजे तिचे वडील, हौशीराम शिंपी म्हणून सगळं गाव ओळखतं. पंचाहत्तरी उलटलेली, एका डोळ्यात मोतीबिंदू, तरी यात्रेच्या जर्सी अजून तेच शिवतात. तिचं तात्यांशी भांडण नव्हतं, पण सतरा वर्षं सरळ बोलणंही नव्हतं. एकोणिसाव्या वर्षी तिनं पोलीस भरतीचा फॉर्म भरला होता. मुलींना एकशे पंचावन्न लागतं, तिची एकशे अठ्ठावन्न होती. पहाटे उठून पळायची, गोळा फेकायची. तात्या हौसेनं घड्याळ घेऊन बांधावर बसायचे. आणि पुण्याला मैदानी चाचणीला जायच्या दिवशी सकाळी, ती बूट घालत असताना, तात्या म्हणाले, "जायचं न्हाई. पोरीनं पोलिसात जायचं न्हाई." का ते सांगितलं नाही. सगळ्या बापांचं असतं तसलंच ते कारण असणार, म्हणून कुणी विचारलंही नाही. ती दोन दिवस जेवली नव्हती. पुढं लग्न झालं, संसार झाला, सणाला येणंजाणं झालं, पण त्या बुटाच्या नाडीपाशी तिच्या मनात जे गोठलं ते तसंच होतं. तात्या दिसले की ती "बरं आहे ना?" विचारायची, आणि ते "बरंय" म्हणायचे.

दुकानात अमृता आधीच आली होती. तिची जर्सी नवी शिवायची राहिली होती. तात्यांनी गळ्यातला टेप काढला, तिच्या मानेखाली धरला, खाली सोडला, आकड्यावर बोट ठेवून डोळ्याजवळ नेलं आणि म्हणाले, "वैजे, वही घे. एकतीस." वैजयंतीनं वही ओढली आणि लिहिलं, अठ्ठावीस. "छाती एकोणचाळीस." तिनं लिहिलं, छत्तीस. लहानपणापासून ती हे करत आली होती. तात्यांचा टेप त्यांच्या उस्तादानं दिलेला, नेहमीच्या साठ इंचीपेक्षा लांब, बहात्तर इंची, त्याचं पुढचं टोक फार पूर्वी शेळीनं खाल्लेलं. पहिले तीन इंच गेलेले, टेप तीनच्या आकड्यापासून सुरू होतो. नवा घ्या म्हटलं की तात्या म्हणायचे, तीनच इंच गेलेत, बाकीचा बरा हाय. ते आकडा बोलायचे आणि वहीपाशी बसलेली वैजू तीन वजा करून लिहायची. अख्ख्या गावाच्या बाह्या, पाटलोणी, पोलकी तिनं तीन वजा करून लिहिली होती. "खांदा अठरा," तात्या म्हणाले. वैजयंतीनं पेन टेकवलं आणि ते तिथंच थांबलं.

पोलीस भरतीचा फॉर्म भरायच्या आदल्या दिवशी याच भिंतीपाशी ती पाठ लावून उभी राहिली होती. तात्यांनी टेपाचं टोक तिलाच टाचेखाली दाबून धरायला दिलं होतं आणि वर डोक्यापाशी पट्टी लावून म्हणाले होते, "साडेबासष्ट." ती पळतच वहीपाशी आली होती, सेंटिमीटर काढले होते, एकशे अठ्ठावन्न पूर्णांक काहीतरी. तीन वजा केले नव्हते. ते कपड्याचं माप नव्हतं ना. साऱ्या गावाचे तीन इंच तिनं कापले आणि स्वतःचे तेवढे ठेवून घेतले. साडेएकोणसाठ. तिनं आता वहीच्या कोपऱ्यात ते लिहून बघितलं, दोन पूर्णांक चोपन्ननं गुणून बघितलं, आणि सिस्टरच्या आकड्यापाशी ते येऊन थांबलं. "खांदा अठरा म्हनलो," तात्या म्हणाले. तिनं पंधरा लिहिलं. अमृता निघून गेली. मशीन सुरू झालं. वैजयंती तात्यांच्या पाठीकडे बघत बसली. त्यांनी त्या दिवशी साडेबासष्ट म्हटलं तेव्हा त्यांना तीन वजा करायचं भान नव्हतं का? पन्नास वर्षं ज्यांचा हात त्या टेपावर आहे, त्यांना? की नंतर केव्हातरी, पोरगी पळताना बघताना, बांधावर बसल्याबसल्या ध्यानात आलं? आणि आलं तर त्यांनी काय केलं? तिथं मैदानावर पट्टी लावून, सगळ्यांसमोर, "पुढची" असं म्हणून तिला रांगेतून बाहेर काढलं असतं. त्यापेक्षा घरच्या दारातच अडवलेली बरी, असं? की हे सगळं ती आता रचतेय, आणि तात्या फक्त इतर बापांसारखे एक बाप होते? तिला काही कळेना. सतरा वर्षं सांभाळलेला राग हातात होता आणि तो ठेवायला जागा सापडत नव्हती. "तात्या," ती म्हणाली. मशीन थांबलं. "काय?" "काही नाही. बरं आहे ना?" "बरंय," तात्या म्हणाले आणि पायडल मारलं.

रविवारी मैदानाच्या चारी कडांना माणूस मावत नव्हता. पंचांनी शिट्टी मारली आणि नाणं घेऊन ते सरळ अमृतापाशी गेले, कागद न बघताच. "या कॅप्टन." कालपर्यंत हे वैजयंतीला लागलं असतं. आता तिला फक्त कुतूहल वाटलं की माणसं किती पटकन ठरवतात. अमृतानं काटा मागितला, छापा पडला. पहिल्या डावात जे झालं ते बघून गाव हसत होतं. सुनांची जानका, डिंभ्याहून आलेली, धरणाच्या पाण्यात पोहून दंड कमावलेली, चढाईला आली की लेकींची साखळी नुसती उभी राहायची. वैजयंतीचा हात अमृताच्या हातात. आज हुकूम अमृतानं द्यायचा, म्हणून वैजयंती वाट बघायची. अमृताचा हात घामेजलेला, ढिला, तोही वाट बघायचा. पंजा वळताना वैजयंतीला साफ दिसायचा, आणि ती स्वतःला सांगायची की हे तुझं काम नाही. दोघी वाट बघायच्या, आणि जानका दोघींच्या मधून गुण घेऊन जायची. मध्यंतराला सुना सात गुणांनी पुढं होत्या. पलीकडून कुणीतरी म्हणालं, पोरींनो, पळ्या आणून ठेवल्यात तुमच्यासाठी.

रत्नानं पाण्याची बाटली तोंडावर ओतली आणि ती वैजयंतीकडे पाठ करून बसली. ते बोलण्यापेक्षा वाईट होतं. अमृता वैजयंतीसमोर उकिडवी बसली, त्यामुळे पहिल्यांदाच दोघींचे डोळे एका पातळीत आले. "ताई, तुमी दाबत का न्हाई?" "कॅप्टन तू आहेस." "मी हाय, कागदाव. आमी सगळ्या तुमच्या हाताची वाट बघतोय. रत्नाताई बी. मला म्हायती हाय मला दिसत न्हाई तिचा पाय. उंचावनं न्हाई दिसत." ती हे तक्रारीनं म्हणत नव्हती. वैजयंतीला वाटलं, विचारावं, तुला माझा हात कशासाठी हवा? मी चुकून निवडलेली आहे, एका मास्तरानं एका सकाळी, आणि एका शेळीनं बाकीचं केलं. पण अमृतानं हात पुढं केला होता आणि शिट्टी झाली होती. हातात हात घेतला की विचारायला वेळ राहत नाही.

दुसऱ्या डावात ती उंच आहे की बुटकी हे तिला आठवलं नाही, असं म्हणणं सोपं आहे, पण ते खरं नाही. तिला ते प्रत्येक चढाईला आठवत होतं. हात वर धरावा लागत होता, खांदा दुखत होता, आणि तरी पंजा वळायच्या आधी अंगठा आपोआप आवळत होता. एकदा. थांब. मग दोनदा. दोघींना धरलं, मग तिसरीला. होता होता सगळ्या सुना बाद झाल्या आणि लोण चढला. शेवटच्या मिनिटाला गुण सारखे झाले आणि जानका आली. दम धरून ती उजव्या कोपऱ्याकडेच आली, सरळ वैजयंतीच्या अंगावर, कारण कोपऱ्यावरची बाई लहान दिसते आणि लहान दिसणाऱ्या बाईवरनं उडी मारता येते. वैजयंतीला तिच्या टाचेची माती दिसली. माती हलायच्या आधी तिनं दोनदा दाबलं. पलीकडच्या टोकाला रत्ना हलली, मधल्या पाच जणी हलल्या, अमृताचे लांब हात वरून आले, आणि वैजयंती खाली, अगदी खाली, घोट्याला बिलगली. तेवढं खाली दुसरी कुणी पोचली नसती. जानकाचा दम सुटला तो तिच्या कानापाशी.

फोटोवाल्यानं खुर्ची मांडली. सवयीनं वैजयंती दोन पावलं खुर्चीकडे गेली, मग थांबली आणि अमृताला बसवलं, ढाल तिच्या मांडीवर ठेवली. "बाकीच्या ताईंनो, उंचीपरमाणं," फोटोवाला म्हणाला. रत्नानं तिला दंडाला धरून हलवलं, तुला इकडं, अजून इकडं, आणि ती सरकत सरकत रांगेच्या टोकाला गेली. तिच्या पलीकडं एकच जण होती. सहावीनंतर पहिल्यांदा ती रांगेत उभी होती. तिला वाईट वाटत होतं की हलकं वाटत होतं, हे फोटो निघेपर्यंत ठरलं नाही, त्यामुळे फोटोत तिचं तोंड अर्धवट उघडं आलं.

पंगत बसली. सुना पदर खोचून वाढत होत्या आणि जानका मुद्दाम वैजयंतीच्या पानात दोनदा गुळवणी ओतून गेली. तात्या गावकऱ्यांच्या पंगतीत न बसता तिच्याच शेजारी येऊन बसले होते. त्यांनी सामना बघितला होता की नुसता ऐकला होता, कोण जाणे. तिच्या अंगावरची जर्सी कोपरापाशी फाटली होती. तात्यांनी चांगल्या डोळ्यानं ती फाट बघितली, उजव्या हाताची बोटं चाटून पानाच्या कडेला टेकवली आणि डाव्या हातानं कापड चिमटीत धरून बघितलं. तिला विचारायचं होतं ते सतरा वर्षांचं होतं आणि त्याला कुठून सुरुवात करावी हे तिला येत नव्हतं.

"तात्या," ती म्हणाली, "पुढच्या वर्षी माझी जर्सी तीन इंच आखूड शिवा."

तात्यांची बोटं कापडावर थांबली. त्यांनी तिच्याकडे बघितलं नाही. समोरून भाताची परात घेऊन येणाऱ्या जानकाकडे बघत ते म्हणाले, "आखूड कशाला? तुझे तीन इंच मी कवाच वजा केलेत. तुझी जर्सी मी कधी लांब शिवलीच न्हाई."